घरपट्टी एका क्लिकवर, दाखल्याचे काय?

नाशिक महापालिकेची घरपट्टी भरण्यासाठी एकेकाळी विभागीय कार्यालयातील खिडकीसमोर रांग लावण्यावाचून पर्याय नव्हता. आज हीच रक्कम नागरिक घरबसल्या संगणकावरून वा मोबाइलवरून भरू शकतात. मात्र नागरिकाकडून महापालिकेकडे जाणारा पैसा आणि महापालिकेकडून नागरिकाकडे येणारी सेवा यांचे मार्ग वेगळे आहेत. ई-प्रशासनाची खरी कसोटी लागते ती दुसऱ्या मार्गावर.

माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० मध्ये संगणकीय नोंदींना कायदेशीर मान्यता दिली. त्यानंतर राज्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्राच्या माध्यमातून संगणकीकृत सेवांचा पायंडा पाडला. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात नाशिकचा समावेश झाला. या अभियानातील निधीसाठी महापालिकांना ज्या सुधारणा बंधनकारक होत्या, त्यांत ई-प्रशासनही होते.

पैसे कापले, पावती नाही

ऑनलाइन भरलेली रक्कम नागरिकाच्या बँकेतून मध्यस्थ यंत्रणेमार्फत महापालिकेच्या खात्यात जमा होते. वाटेत संदेश तुटल्यास खात्यातून पैसे जातात. पण पावती निघत नाही. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा भरणा करू नये, व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, कार्ड वा यूपीआयने केलेल्या अशा अयशस्वी भरण्याची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत मिळावयास हवी. त्यापुढे विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

रांग दिसेनाशी होते, तेव्हा

मिळकतीवरील नावात बदल किंवा एखादा दाखला हवा असेल, तर केवळ संगणक पुरत नाही. कागदपत्रांची पडताळणी, हरकतींवरील निर्णय आणि स्वाक्षरी ही कामे अधिकाऱ्यांचीच असतात. ऑनलाइन आलेला अर्ज छापून पुन्हा टेबलाटेबलावर फिरणार असेल, तर रांग संपत नाही. ती केवळ दिसेनाशी होते. तक्रारींचेही तसेच. २०१८ मध्ये तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्या कार्यकाळात नाशिकमध्ये 'एनएमसी ई-कनेक्ट' ॲप आले. पण कोणत्याही ॲपवर तक्रार 'बंद' दिसली, म्हणजे रस्त्यावरील खड्डा बुजला असे नव्हे.

या अदृश्य रांगेला मुदत घालण्याचे काम महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ करतो. अधिसूचित सेवेसाठी कालमर्यादा ठरलेली असते आणि अर्जाची पोच देणे बंधनकारक असते. अर्ज फेटाळल्यास त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. मुदत टळल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील. दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

म्हणूनच ऑनलाइन अर्ज करणाऱ्याने पोच क्रमांक आणि अर्जाची तारीख यांची नोंद ठेवणे अगत्याचे. ज्यांना मोबाइल हाताळता येत नाही, अशा ज्येष्ठांसाठी मात्र खिडकी उघडीच राहावयास हवी. घरपट्टीची मुदत चुकल्यास नागरिकावर शास्ती बसते. सेवेची मुदत चुकल्यास प्रशासनालाही जाब विचारला गेला, तरच हा व्यवहार दोन्ही बाजूंनी पूर्ण होईल.