गाडी उभी, तरी ऑइल जुनं

इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलावं, हा प्रश्न आमच्या जुळे सोलापुरात चहाच्या टपरीवर विचारला, तर जितकी माणसं तितकी उत्तरं मिळतात. कुणी दोन हजार सांगतो. कुणी म्हणतो, काळं पडलं की बदला. कुणी विचारतो, गाडी चालतेय ना, मग हात कशाला लावता? यातलं एकही उत्तर पुरेसं नाही.

आधी हे ऑइल करतं काय, ते पाहू. इंजिनात धातूवर धातू मिनिटाला हजारो वेळा सरकत असतो. त्या दोघांच्या मध्ये ऑइलचा पातळ थर राहतो. शिवाय ते उष्णता वाहून नेतं, गंज रोखतं, काजळी आणि धातूचा बारीक कीस आपल्यात धरून ठेवतं. त्यासाठी त्यात काही रसायनं मिसळलेली असतात आणि ती वापराबरोबर संपत जातात. पातळी तेवढीच दिसली, तरी बळ तेवढंच उरत नाही.

रंगावर मात्र जाऊ नये. ऑइल काळं दिसतं, कारण ते मळ धरून ठेवण्याचं काम करत असतं. डिझेलच्या गाडीत तर नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं.

भरवशाचा आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. आजच्या बऱ्याच मोटारींना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मुदत असते. दुचाकींची मुदत मॉडेलप्रमाणे कमी-जास्त असते. आपण किलोमीटर वाचतो आणि ‘किंवा एक वर्ष’ हे शब्द सोडून देतो. खरी गफलत इथंच होते.

आमच्या भागात निवृत्त मंडळी पुष्कळ. त्यांची गाडी सात रस्त्यापर्यंत जाते, भाजी घेऊन परत येते. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरही होत नाहीत. पण पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरेसं तापलं नाही, तर त्यातलं थोडं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. लांब पल्ल्याच्या प्रवासात ते उडून जातं, छोट्या फेऱ्यांत साचत राहतं. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचंही ऑइल वर्षाला बदलावंच लागतं.

दुसरं टोक रिक्षावाल्यांचं. दिवसभर थांबत-सुटत चालायचं, वर सोलापूरचा चाळीस अंशांपुढचा उन्हाळा आणि धूळ. इंजिन चालू ठेवून उभं राहिलं, तर ऑइल झिजतं, पण मीटर पुढं सरकत नाही. अशा कठीण वापरासाठी अनेक पुस्तिकांत कमी मुदतीचा वेगळा तक्ता असतो, तो पाळावा. ऑइलचे काही शे रुपये वाचवायला जावं आणि पिस्टन चिकटला, तर इंजिनकामाचे हजारो रुपये जातात. त्याहून वाईट म्हणजे गाडी गॅरेजला असेपर्यंत घरातली चूल कशावर पेटायची?

बाकी गोष्टी सोप्या आहेत. पंधरा दिवसांतून एकदा सपाट जागी, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पातळी पाहा. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरलेलं ऑइलही फेसाळतं आणि नुकसान करतं. ग्रेड पुस्तिकेतलीच वापरा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे मोटारीचं ऑइल त्यात घातलं तर क्लच घसरू शकतो. फिल्टरही मुदतीनुसार बदला. घरी ऑइल काढलंत, तर ते गटारात ओतू नका. जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजकडं द्या. त्यावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरता येतं.

आणि ऑइल बदललं, की मीटरचा आकडा व तारीख दोन्ही कागदावर लिहून गाडीत ठेवा. आकडा मीटर सांगतंच, तारीख मात्र आपणच लक्षात ठेवायची असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)