ऑटोमॅटिक गाडीचा बिघाड : आधी लक्षणं, मग निदान



ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं, पण म्हणून क्लचही नसतो असं नाही. 2014 मध्ये मारुती सेलेरिओसोबत आलेल्या एएमटीत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट असते. फक्त आपल्या हातापायाचं काम यंत्रणा करते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे जाते. म्हणून आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे आधी पाहा. मग लक्षणं वहीत लिहा.

1. आरपीएम वाढतो, पण वेग वाढत नाही : एएमटीत क्लच प्लेट झिजल्याचा संशय घ्या. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आधी तेलाची पातळी तपासून घ्या.

2. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी 'डी'मध्ये टाकल्यावर उशिरा, झटका देऊन निघते : तेल कमी किंवा खराब असू शकतं. तेल काळपट आणि वास जळका असेल, तर आतले क्लच जळत असावेत.

3. गिअरच पडत नाही, दिवा लागतो : स्कॅनर लावा. पण कोड म्हणजे निदान नव्हे. कुठे शोधायचं, एवढंच तो सांगतो.

पाथर्डीकडे जाताना करंजी घाटात गाड्या अडकल्या, तर एएमटी गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका. क्लच जळतो. ब्रेक दाबा. आणि क्लच आधीच घसरत असेल, तर घाटात जाऊच नका.

निरीक्षण, अनुमान, पडताळणी हा विज्ञानाचाच धडा आहे. मुलांनाही नोंदी करू द्या. ती वही मेकॅनिकला दाखवा. गिअरबॉक्स खोलायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.