संथ इंजिनाचे दुखणे

इतिहास, संतवाङ्मय आणि अर्थकारण या विषयांच्या पंगतीत कार्ब्युरेटर येऊन बसलेला पाहून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या असतील. पण चौकात तांबडा दिवा लागला असताना जुन्या बुलेटवर बसलेला एखादा गृहस्थ सारखी मूठ पिळत इंजिन गुरगुरवत ठेवतो, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. तो रुबाब दाखवतो आहे असे लोकांना वाटते. खरे म्हणजे तो बिचारा भ्यालेला असतो. मूठ सोडली की गाडी बंद पडणार, मागचे भोंगे वाजवणार आणि भर उन्हात किका मारत बसावे लागणार, हे त्याला ठाऊक असते. या भीतीचे मूळ कोठे आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली साडेतीनशे सी.सी.ची बुलेट आपण उदाहरणादाखल घेऊ, कारण तीच आमच्या अंगणात उभी आहे. वडिलांची गाडी. तिच्यावर अमल कंपनीचा मोनोब्लॉक जातीचा कार्ब्युरेटर आहे. नंतरच्या बुलेटवर मिककार्ब आला. नावे निराळी असली तरी दोहोंची रीत एकच.

एक लिटर पेट्रोल नीट जळावयाचे तर सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. गाडी वेगात असते तेव्हा हवेचा झोत जोराचा असतो आणि तो पेट्रोल सहज ओढून घेतो. पण मूठ सोडली की आतला थ्रॉटलचा पडदा, ज्याला स्लाइड म्हणतात, जवळजवळ खाली टेकतो. हवेची वाट चिंचोळी होते, मोठ्या जेटवरचा झोत मरतो आणि तेथून पेट्रोल वर येतच नाही. अशा वेळी इंजिनाला तगवून धरण्यासाठी एक स्वतंत्र, लहानशी व्यवस्था केलेली असते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र असलेले एक पायलट जेट, त्याला हवा पुरवणारी एक बारीक वाट, आणि पडद्याच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला उघडणारे एक छिद्र. मोठ्या घरात रात्री सगळे दिवे मालवून देवघरात एक समई ठेवावी, तसे हे आहे.

बाहेरून दिसणारे स्क्रू दोन. एक स्टॉप स्क्रू : तो पडद्याला खालून टेकू देतो आणि पडदा किती मिटावा हे ठरवतो. दुसरा एअर स्क्रू : तो पायलट जेटकडे जाणारी हवा कमीजास्त करतो. आत पिळला की हवा कमी, म्हणजे मिश्रण दाट. बाहेर काढला की मिश्रण पातळ. येथे पुष्कळांची गल्लत होते. काही कार्ब्युरेटरांत हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो हवा नव्हे तर तयार मिश्रण सोडतो. तेथे सगळा हिशेब उलटा. म्हणून पेचकस हाती घेण्यापूर्वी स्क्रू कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. अमल आणि मिककार्ब यांच्यात तो हवेचाच आहे.

आता मुख्य चूक सांगतो. गाडी बंद पडू लागली की माणूस स्टॉप स्क्रू पिळतो. रेस वाढते, गाडी बंद पडत नाही, आणि रोग बरा झाला असे वाटते. पण पडदा प्रमाणाबाहेर उचलला गेला की पायलटच्या वाटेवरची ओढ सरते आणि इंजिन भलत्याच मार्गाने पेट्रोल घेऊ लागते. मग एअर स्क्रू कितीही फिरवा, आवाजात काडीचा फरक पडत नाही. एअर स्क्रूला इंजिन दाद देत नसेल तर दोनच कारणे संभवतात असे आम्ही धरून चालतो : एक तर पडदा फार उचललेला आहे, नाहीतर पायलटची वाट बुजलेली आहे.

वाट बुजते ती बहुधा गाडी महिनोन्महिने उभी राहिल्यामुळे. पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो. मोठ्या जेटला त्याची पर्वा नसते, बारीक जेट मात्र गुदमरते. ते काढून उजेडासमोर धरावे, त्यातून आकाशाचा ठिपका स्वच्छ गोल दिसला पाहिजे. साफ करताना पोलादी तार घालू नये. पितळेला ओरखडा पडून छिद्र मोठे होते आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. नायलॉनचा केस किंवा विजेच्या वायरीतला तांब्याचा एखादा तंतू, आणि पंपाची हवा पुरे. जेटच्या पुढची अंगातली वाटही फुंकून घ्यावी. ती विसरणारे फार.

परंतु सर्वांत फसवे दुखणे निराळेच, आणि ते आम्ही स्वतः भोगले आहे. आमची गाडी गरम झाली की मूठ सोडल्यावरही रेस काही वेळ वरच लटकत राही, मग एकदम कोसळे आणि इंजिन थांबे. कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला. एका गॅरेजात निदान झाले : रिंगा गेल्या, इंजिन उघडावे लागेल, सिलिंडर बोअर करावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. आईने काही म्हटले नाही, पण त्या संध्याकाळी ती फडके घेऊन टाकी पुसत होती.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. एस.टी.च्या कार्यशाळेत त्यांची हयात गेली. त्यांनी गाडी चालू करायला लावली, तेलाची बुधली घेतली आणि कार्ब्युरेटर जेथे इंजिनाला जोडलेला असतो त्या सांध्यावर वरून दोन थेंब सोडले. त्यासरशी इंजिनाचा सूर पालटला. काही क्षण ते चक्क नीट चालले, आणि पुन्हा अडखळू लागले. “पाहिलंस? तेलानं फट बुजली तेवढा वेळ बरं वाटलं त्याला. तुझी रिंग गेली नाही, इथून हवा चोरतंय,” काका म्हणाले.

कार्ब्युरेटर काढून त्याची फ्लँज आम्ही काचेच्या तुकड्यावर ठेवली, तर ती पाटावरच्या वाकड्या वाटीसारखी डुलली. या जुन्या कार्ब्युरेटरांचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे, म्हणजे मऊ. दोन्ही टोकांचे नट कुणीतरी जोर लावून आवळले की फ्लँज कमानीसारखी वाकते आणि मधून हवा शिरते. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून ती तासाभर हलक्या हाताने घासली, नवे पॅकिंग घातले, नट बेताने आवळले. इंजिन उघडावे लागले नाही. ही फट तशीच राहिली असती तर पातळ मिश्रणावर चालून इंजिन तापले असते आणि अखेर पिस्टनवर बेतले असते, हे वेगळेच. फट शोधायला काही जण पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनाजवळ हे धाडस कोणी करू नये.

कार्ब्युरेटर निर्दोष असूनही गाडी संथ चालत नाही, असेही घडते. पॉइंटची फट ०.३८ मिलिमीटरच्या आसपास हवी. पुशरॉड थंड इंजिनात बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. ठिणगी आपोआप पुढेमागे करणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्या असतील तर संथ गतीतही ठिणगी लवकर पडते आणि रेस स्थिर राहत नाही. बुलेटचा डीकंप्रेसर गळत असेल तरी तेच. हे सर्व आधी पाहावे, कार्ब्युरेटरला हात शेवटी लावावा. बहुतेक लोक नेमके उलट करतात, कारण स्क्रू बाहेर असतो आणि फिरवायला फुकट असतो!

आजच्या पेट्रोलविषयीही बोलले पाहिजे. २०२५ पर्यंत आपल्याकडे इथेनॉलचे मिश्रण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या वजनात एक तृतीयांशाहून अधिक भाग प्राणवायूचा असतो. साहजिकच जुन्या मापाच्या जेटमधून तेवढेच पेट्रोल आले तरी मिश्रण पातळ ठरते. शिवाय ते पाणी शोषते आणि उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरात पांढरी बुरशीसारखी पूड धरते. म्हणून महिनाभर गाडी काढणार नसाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू द्यावे.

आता जुळवणी. आठदहा मैल फिरवून गाडी पुरती गरम करावी. थंड इंजिनावर केलेली जुळवणी व्यर्थ. एअर स्क्रू अलगद आत टेकवावा आणि दीड फेरा बाहेर काढावा. स्टॉप स्क्रूने रेस जरा चढती ठेवावी. मग एअर स्क्रू पाव पाव फेरा फिरवीत कान देऊन ऐकावे. एका ठिकाणी इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखे चालते, तेथे थांबावे. रेस चढली म्हणून स्टॉप स्क्रू थोडा सोडावा, आणि पुन्हा एअर स्क्रू. असे दोनतीनदा करावे लागते. काळा धूर आणि काजळलेला प्लग म्हणजे दाट. कार्ब्युरेटरातून शिंक आल्यासारखा फटका म्हणजे पातळ. शेवटी हँडल डावीउजवीकडे पूर्ण वळवून पाहावे. रेस वाढली तर थ्रॉटलची केबल ताणलेली आहे. तिला थोडी ढिलाई द्यावी आणि जुळवणी पुन्हा पहिल्यापासून करावी.