तिसऱ्यांदा इंजिन उतरवण्याआधी

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मानपाड्याच्या आसपास आता शेतांपेक्षा टेम्पो जास्त दिसतात. तरीही खोणी, नेवाळी, मलंगगडाच्या बाजूला भात होतो, भातामागून वाल, भेंडी, काकडी निघते. हा माल कल्याणच्या बाजार समितीत किंवा शिळफाट्यावरून वाशीला न्यायला घरची गाडी असते. उन्हाळ्यात तीच गाडी तबेल्यांना पेंढा पोहोचवते, विटा ओढते.

शेतीखात्याच्या माणसाने इंजिनावर का लिहावे, असे कोणी विचारील. तोडलेली भेंडी थांबत नाही. टेम्पो काटई नाक्यावर बंद पडला की हंगामाचा नफा रस्त्याच्या कडेला बसतो. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे सोसायटीतून खत-बियाण्यासाठी उचललेले पीककर्ज गॅरेजच्या बिलात जाते. मग जूनमध्ये शेतकरी खतासाठी सावकाराच्या दारात.

पहिल्यांदा 'हाफ इंजिन' करतात. सहा-आठ महिन्यांत पुन्हा धूर, पुन्हा ऑइल खाणे, म्हणून फुल काम. तिसऱ्यांदा गाडी उभी राहते तेव्हा घरात भांडण. बाप म्हणतो फुंकून टाक, पोरगा म्हणतो एवढा पैसा घातलाय, आता कशी विकायची? दोघांचेही म्हणणे समजते, पण मधला प्रश्न कोणी विचारतच नाही : इंजिन जाते कशाने? ते कळल्याशिवाय दुरुस्तीही आंधळी आणि विक्रीही आंधळी.

उत्तर बहुतेक वेळा उतरवलेल्या भागांत असते, आणि ते भाग आपण भंगारात सोडून येतो. ते घरी आणा, निदान समोर ठेवून मेकॅनिककडून समजून घ्या. लायनरवर उभे ओरखडे आणि रिंगा झिजून पातळ झालेल्या असतील तर इंजिनाने धूळ खाल्ली. पिस्टनचे डोके वितळले असेल किंवा त्याला भोक पडले असेल तर आधी नोझल तपासा. बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबे दिसत असेल तर ऑइल कमी पडले, खराब झाले किंवा पंपाने दाब दिला नाही. हेड गॅस्केट वारंवार जळत असेल तर नुसती गॅस्केट बदलून भागत नाही. हेड वाकले आहे का ते पट्टी लावून बघावे लागते.

आपल्या भागात धुळीचा संशय आधी घ्यावा. पेंढ्याचा भुसा, विटांची भुकटी, आणि 2024 मध्ये कल्याण-तळोजा मेट्रोचे काम सुरू झाल्यापासून रस्त्यावरची माती. नवा फिल्टर टाकला म्हणून निर्धास्त राहू नका. फिल्टर आणि इंजिन यांमधला रबरी पाइप चिरलेला असेल तर सगळी धूळ मागच्या दाराने आत जाते. पाइप काढून आतून पांढरे फडके फिरवा. मळले तर चोर सापडला. शे-दोनशेच्या पाइपापायी इंजिन बसलेले मी पाहिले आहे. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागदी फिल्टर झाडतात, तेही वाईट. कागद फाटतो आणि बाहेरून दिसत नाही.

दुसरा संशय पुराच्या पाण्याचा. 26 जुलै 2005 ला उल्हास आणि वालधुनीने काय केले ते इथल्या लोकांना सांगायला नको. पाण्यातून काढलेल्या गाडीला कोणी लगेच सेल्फ मारला, तर सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचितच वाकला तर गाडी चालूही होते, महिनोन् महिने चालते. पण त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी, पिस्टन तिरका घासतो. म्हणून दर वेळी एकच सिलिंडर जात असेल तर रॉड मोजून घ्या. वाकलेल्या रॉडवर नवा पिस्टन चढवणे म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरी गोष्ट तापणे. बोअरचे खारे पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय आहे. आत खार धरतो आणि शिळफाट्याच्या कोंडीत तासभर उभे राहिले की काटा वर. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जायची भीती, हे ड्रायव्हरला बजावून ठेवा.

आता हिशेब. आधी घातलेले पैसे यात धरू नका, ते गेले. समजा, नव्या कामाला 90 हजार लागणार आणि गाडी वर्षाला 120 खेपा करते. कारण सापडले, ते दुरुस्त झाले आणि इंजिन दोन वर्षे चालले तर खेपेला 375 रुपये पडले. कारण न शोधता सहा महिन्यांत पुन्हा बसले तर 60 खेपा, म्हणजे खेपेला 1,500. भाड्याची गाडी 2,200 घेते आणि आपल्या गाडीचा डिझेल-ड्रायव्हर-विमा धरून खर्च 1,400 येतो असे माना. वाचतात 800. म्हणजे पहिल्या स्थितीत काम करावे, दुसऱ्या स्थितीत गाडी विकून भाड्याने माल पाठवावा. आकडे आपापले घाला, रीत हीच. वर्षाला पन्नाससुद्धा खेपा होत नसतील तर दोघा-तिघा शेतकऱ्यांनी मिळून भाड्याची गाडी ठरवणे मला जास्त बरे वाटते. दारात गाडी असण्याचा मान वेगळा, तो ज्याचा त्याने ठरवावा.

गाडी 15 वर्षांच्या पुढची असेल तर हिशेबात आणखी एक रक्कम धरा. 1 एप्रिल 2022 पासून अशा गाड्यांची फिटनेस फी पुष्कळ वाढली आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर वर्षी लागतेच.

काही जण जुने तयार इंजिन आणून बसवतात. स्वस्त पडते, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर येते. मात्र ते कोणत्या गाडीचे, याचा कागद आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका; चोरीच्या गाडीचे निघाले तर जबाब आपल्याला द्यावा लागतो. बसवल्यावर नवा इंजिन क्रमांक कल्याणच्या आरटीओत आरसीवर चढवून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पोचपावती आरसीसोबत गाडीतच ठेवा.