प्रेक्षकांचे मत : पत्र, संप आणि मापकयंत्र

अमुक मालिका लोकांना आवडली, तमुक आवडली नाही, असे आपण सहज बोलून जातो. परंतु 'लोकांचे मत' म्हणजे नेमके काय, ते कोण मोजतो आणि त्याला कोणते फळ येते, याचा विचार क्वचितच होतो. ज्या समाजाला शतकानुशतके मत मांडण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्या समाजाने तरी हा प्रश्न दुर्लक्षू नये, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे आम्ही त्याची उकल करणार आहोत.

पहिले उदाहरण पत्रांचे. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'हम लोग' ही मालिका दूरदर्शनवर १९८४-८५ या काळात १५६ भागांत दाखविली गेली. कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा यांविषयी लोकशिक्षण करावे, हा तिचा हेतू होता. आरंभीचे भाग उपदेशाच्या भाराने वाकले होते. प्रेक्षकांनी नापसंती कळविताच उपदेश सौम्य करण्यात आला. प्रत्येक भागाच्या अखेरीस ज्येष्ठ अभिनेते अशोककुमार प्रेक्षकांशी संवाद साधीत. मालिकेसंबंधी चार लाखांहून अधिक पत्रे आली, असे नोंदविले गेले आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. निमूटपणे सोसणाऱ्या भागवंतीचे पात्र 'असे राहू नये' हे दाखविण्यासाठी रचले होते; अनेक प्रेक्षकांना मात्र तीच आदर्श गृहिणी वाटली. लेखक काय सांगतो यापेक्षा प्रेक्षक कोणते संस्कार घेऊन पाहावयास बसतो, यावरही मालिकेचा अर्थ ठरतो, हा यातील बोध होय.

दुसरे उदाहरण संपाचे. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी दाखविली जात असे. ती उत्तरकांड न दाखविताच संपणार, हे कळल्यावर जालंधर येथील वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी काम बंद केले. ज्या ऋषीच्या नावाने आपला समाज ओळखला जातो, त्याचे चरित्र ज्या कांडात येते तेच गाळले जावे, हा त्यांना आपला अवमान वाटला. संप उत्तर भारतातील अन्य शहरांतही पसरला. अखेर शासनाला पुढील भागांची व्यवस्था करावी लागली. ज्यांच्या हातात झाडू, त्यांचे मत दिल्लीपर्यंत पोहोचले ते पत्राने नव्हे, तर श्रम थांबविल्याने.

या संपाचा उपहास करणे आम्हांस मान्य नाही. सन्मानाची ती भूक खरी होती. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या उत्तरकांडासाठी हा आग्रह होता, त्याच उत्तरकांडात तप करणाऱ्या शूद्र शंबूकाच्या वधाची कथा आहे. पडद्यावर स्थान मिळणे आणि त्या कथेतील समाजव्यवस्थेत स्थान मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याच काळात महाराष्ट्रात काय घडत होते, तेही आठवावे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथाचा खंड प्रसिद्ध केला. त्यातील राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून वादळ उठले. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी ग्रंथाच्या समर्थनार्थ मुंबईत दलित जनतेचा विराट मोर्चा निघाला. रामकथेचे एक दर्शन शासकीय माध्यमातून दर रविवारी घरोघर पोहोचत होते; त्याच कथेची चिकित्सा ग्रंथात राहावी म्हणून मात्र लाखोंना रस्त्यावर यावे लागले. शासनाने परिशिष्ट राखले, पण त्यातील मतांशी आपण सहमत नसल्याची टीप जोडूनच. कोणत्या मताला टीप लागते आणि कोणत्या मताला लागत नाही, हे यावरून उघड होते.

तिसरे उदाहरण मापकयंत्राचे. आज मालिकांचे भवितव्य प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर ठरते. निवडक घरांत बसविलेली यंत्रे कोणती वाहिनी किती वेळ चालू होती याची नोंद घेतात. त्यावरून देशाचा अंदाज बांधला जातो व जाहिरातींचे दर ठरतात. प्रेक्षक रागावून पाहत होता की कौतुकाने, हे यंत्रास कळत नाही. पत्र लिहिणारा प्रेक्षक निदान बोलत होता. आता तो केवळ मोजला जातो.

संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा आहे. प्रेक्षकांना हसविणारा नट मरणोत्तर हसऱ्या देवांमध्ये जन्म घेतो, हे खरे काय, असे त्याने तथागतांना विचारले. दोनदा टाळूनही त्याने आग्रह धरला, तेव्हा तथागतांनी सांगितले की राग, द्वेष व मोह यांनी आधीच बांधलेल्या प्रेक्षकांपुढे नट त्यांचेच अधिक खाद्य ठेवतो, आणि त्याचे फळ दुर्गतीच आहे. परलोकाची भाषा बाजूला ठेवली तरी निदान अचूक आहे. स्पर्शातून वेदना आणि वेदनेतून तृष्णा निर्माण होते. 'आवडले' ही वेदना आहे. ते मत नव्हे. वेदनेची परीक्षा केल्यावर जे उरते, ते मत. तालपुटाने ती परीक्षा केली, आपल्या आचार्यांनी आपणास फसविले हे त्यास उमगले आणि तो भिक्खू झाला.

हा निकष आपण स्वतःसही लावला पाहिजे. १८ मे २०१९ पासून 'स्टार प्रवाह' वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरील मराठी मालिका सुरू झाली. अशा मालिकेविषयी 'आपल्या बाबासाहेबांची आहे, म्हणून उत्तम' एवढे म्हणणे पुरेसे नाही. परंपरेने आले म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, असे कालामांना सांगितले गेले, ते आपल्यालाही लागू आहे. प्रसंग इतिहासाशी जुळतो काय? त्यातून विचार पुढे येतो की केवळ अलौकिक पुरुषाची पूजा? स्त्रिया व श्रमिक त्यात माणसे म्हणून दिसतात काय? हे प्रश्न घरात, मुलांच्या देखत विचारले जावेत. मालिका पाहणे हा दोष नाही. पाहून न विचारणे हा दोष आहे.