विजेचा दाब आणि वाऱ्याचा दोष

पावसाळ्याच्या तोंडी डाळगिरणीत उभे असता दिवे क्षणमात्र मंदावतात आणि चालती मोटार बंद पडते, हा अनुभव आमच्या बहुतेक व्यापारी बंधूंस असेलच. वीज गेलेली नसते. केवळ तिचा दाब पापणी लवते न लवते तोच खाली बसून पुन्हा सावरलेला असतो. हा दोष सूर्याच्या व वाऱ्याच्या विजेचा, असे मानून आमच्या गिरणीवर सौरसंच बसविण्यास आम्ही दोन वर्षे विरोध केला.

वस्तुतः दाब उतरतो तो तारेवर फांदी पडल्याने वा वीज कोसळल्याने. औष्णिक व जलविद्युत् केंद्रांतील अवजड फिरती यंत्रे अशा वेळी जादा प्रवाह पुरवून दाबास आधार देतात. सौर व पवन वीज बहुतांशी इन्व्हर्टरमधून येते. त्याची जादा प्रवाह देण्याची ताकद बेताचीच. म्हणून फिरती यंत्रे कमी झाली म्हणजे दाब अधिक खोल व अधिक दूरवर उतरतो. आमच्या शंकेत तथ्य होते ते इतकेच.

या बाबतीत दक्षिण ऑस्ट्रेलियाचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे 28 सप्टेंबर 2016 रोजी वादळाने मुख्य वाहिन्या मोडल्या आणि दोन मिनिटांत सहा वेळा दाब उतरला. राज्याची जवळजवळ निम्मी वीज त्या वेळी वारा पुरवीत होता. ठराविक संख्येहून अधिक वेळा दाब उतरल्यास उत्पादन आवरावे, अशी योजना पवनचक्क्यांच्या यंत्रणेत होती. त्यामुळे सात सेकंदांच्या आत 456 मेगावॉट वीज घटली, शेजारच्या राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर असह्य भार पडून तीही तुटली आणि सारे राज्य अंधारात बुडाले.

भाव उतरताच सर्व पेढ्यांनी एकदम दारे लावून घ्यावी, तसेच हे झाले. बाजार मंदीने नव्हे, घाबरटपणाने बुडाला!

पुढे ती योजना बदलण्यात आली आणि दाबास आधार देण्यासाठी, इंधन न जाळता फिरणारी चार अवजड यंत्रे 2021 साली बसविण्यात आली. वारा तोच राहिला, व्यवस्था सुधारली.

सबब आम्ही आमचा विरोध मागे घेतला आहे. बंधूंनी संच घेताना केवळ किंमत न पाहता, दाब उतरला असता तो किती तग धरतो, याची चौकशी अवश्य करावी. आणि आपल्या मोटारीचा स्टार्टर किती तग धरतो, तेही पाहावे. व्यापारात काय, विजेत काय, पत टिकते ती पडत्या क्षणी उभे राहणाऱ्याचीच.