साक्ष हातांनी दिली जाते तेव्हा

प्रसंग प्रत्यक्ष घडलेला, पण पडद्यावरचे चित्र हाताने रेखाटलेले किंवा संगणकावर घडवलेले, अशा कलाकृतीला अ‍ॅनिमेटेड माहितीपट म्हणतात. लुसिटानिया जहाज बुडतानाचे चित्रण कोणाकडेच नसल्यामुळे विन्सर मके या अमेरिकी व्यंगचित्रकाराने १९१८ मध्ये ती घटना रेखाचित्रांतून उभी केली. पुढे ध्वनिमुद्रण आल्यावर या प्रकाराची विश्वासार्हता बहुतांशी आवाजाने पेलली. ‘रायन’ (२००४) किंवा ‘फ्ली’ (२०२१) हे अ‍ॅनिमेटेड माहितीपट पाहताना माणूस रेखाटलेला असला, तरी त्याचे बोलणे खऱ्या मुलाखतीतले आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. कर्णबधिर कलावंताच्या बाबतीत हा आधारच निसटतो, कारण त्याचे बोलणे हातांत, भुवयांत आणि खांद्यांच्या हालचालीत असते. त्याच्या जागी आकृती काढली की चेहऱ्याबरोबर साक्षही पुसली जाते, आणि दुभाष्याचा आवाज जोडला तर ती दुसऱ्याच कोणाची होऊन बसते.

सिंगापुरात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. तेथे इंग्रजी, मलय, मँडरिन आणि तमिळ या चार अधिकृत भाषा आहेत; सिंगापूर सांकेतिक भाषेला त्यांत स्थान नाही, आणि तिला हे नावही २००८ मध्ये मिळाले. भाषा मात्र बरीच जुनी आहे. स्वतः कर्णबधिर असलेले पेंग त्झू यिंग यांनी १९५४ मध्ये शाळा काढून आपल्या शांघायमधील खुणा या बेटावर रुजवल्या, १९७० च्या दशकात त्यांत अमेरिकी खुणांची भर पडली, आणि स्थानिक माणसांनी घडवलेल्या खुणाही त्यांत मिसळत गेल्या. ऐकू न येणे ही केवळ उणीव न मानता समान भाषा, विनोद, कथनाच्या रीती आणि आठवणी यांनी बांधलेले समाजजीवन, असा कर्णबधिर संस्कृतीचा अर्थ होतो. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असल्याने हा वारसा घरातून क्वचितच, मुख्यतः शाळेतूनच मिळतो. म्हणूनच पेंग यांची शाळा १९६३ मध्ये दुसऱ्या शाळेत विलीन होऊन उभी राहिलेली सिंगापूर स्कूल फॉर द डेफ २०१७ मध्ये बंद झाली, हे नुकसान एका इमारतीपुरते नाही.

पेंग नावाजलेले मोटारशर्यतपटूही होते. अशा माणसाचे अनुभवविश्व दाखवताना ध्वनिपट्टी बंद करणे हा ऐकणाऱ्यांना सुचणारा, आणि म्हणून अपुरा, उपाय आहे. इंजिनाची थरथर, प्रकाशातले बदल, डोळ्यांच्या कडेला जाणवणारी हालचाल यांनी भरलेले ते जग रेषा आणि रंग यांतून दाखवण्याची जी मुभा अ‍ॅनिमेशनला आहे, ती कॅमेऱ्याला सहसा नसते. सिंगापुरात जन्मलेले आणि ग्लासगोत स्थायिक झालेले कर्णबधिर रंगकर्मी रमेश मेय्यप्पन यांची ‘स्नेल्स अँड केचअप’ ही शब्दांविना उभी राहणारी एकपात्री कलाकृती याच दृश्यविचारातून घडलेली आहे.

तथापि या माध्यमाच्या काही रूढ सवयी सांकेतिक भाषेला घातक ठरतात. व्यंगचित्रातील पात्रांना सोयीसाठी चारच बोटे काढली जातात, तर बोटांची ठेवण हा खुणेच्या अर्थाचा घटक असतो; सेकंदाला २४ ऐवजी १२ चित्रे काढण्याच्या काटकसरीत वेगाने बोटांनी दाखवलेली अक्षरे विरघळतात; चेहरा सोपा केला की प्रश्न आणि विधान यांतला भेद दाखवणारी भुवयांची हालचाल नाहीशी होते; आणि चेहरा जवळून दाखवताना हात चौकटीबाहेर गेले, तर वाक्यच तुटते. खऱ्या चित्रणावरून चौकटीगणिक रेषा गिरवण्याची रोटोस्कोपिंग ही पद्धत यांपैकी बरेच वाचवू शकते, मात्र कोणती हालचाल अर्थवाही आहे आणि कोणती गाळता येईल, हा निर्णय ती भाषा जगणाऱ्या कर्णबधिर सहकाऱ्यानेच संकलनाच्या वेळी घ्यायला हवा. शांघायच्या खुणांवर वाढलेली पिढी आता वृद्ध झाली आहे; त्यामुळे तिच्याबाबत रेखाटनाला हात घालण्यापूर्वी पूर्ण चौकटीत, हात आणि चेहरा दोन्ही स्पष्ट दिसतील असे साधे चित्रण करून ते जपणे, आणि पूर्ण झालेल्या माहितीपटात त्याचा काही भाग रेखाचित्रांच्या शेजारी तसाच ठेवणे, हे काम सर्वांत आधी करण्याजोगे आहे.